उधारीची वही हासुद्धा अनुभवच आहे : कव्हर लेटरबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात तुमचे जे मेल आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल होते, नोकरीला अर्ज करताना बायोडेटासोबत जे एक पानाचं पत्र जोडायचं असतं त्याबद्दल, म्हणजे कव्हर लेटर. कॉलेज करता करता पार्टटाइम काम शोधणारी मुलं, इंटर्नशिपवाली मुलं, परदेशात शिकायला गेलेली मुलं, सगळ्यांचं तेच. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. मी बरीच वर्षं कंपनीच्या भरती विभागात बसून असे अर्ज वाचले आहेत आणि आता कॉलेजच्या मुलांना लिहायला मदत करते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगते.

प्रश्न : ताई, मी मूळची औशाची, लातूर जिल्हा. पुण्यात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. होस्टेल आणि मेसचा खर्च भागवायला पार्टटाइम काम शोधतेय. आत्तापर्यंत 14 ठिकाणी बायोडेटा आणि कव्हर लेटर पाठवलं, एकाचाही रिप्लाय नाही. मला अनुभव काहीच नाही त्यामुळे लेटरमध्ये लिहायचं तरी काय हेच कळत नाही. घरी बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे, सुट्टीत तिथे बसते तेवढंच. आता एका सीएच्या ऑफिसची जाहिरात आलीये, दुपारचं काम आहे, टॅली आणि एक्सेल येणारा विद्यार्थी हवाय. त्यांच्यासाठी लिहिलेलं लेटर सोबत जोडलंय, कुठे चुकतंय सांगाल का?

उत्तर : तुझं लेटर दोनदा वाचलं. सुरुवात आहे, ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट’. ही सुरुवात तुझी नाही गं, ती शाळेतल्या रजेच्या अर्जाची आहे. आपल्याला शाळेत पत्र म्हणून जे मनापासून घोटून घेतात ते तेवढंच, मा. मुख्याध्यापक यांस, विषय, उपरोक्त विषयास अनुसरून, आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी. पुढे नोकरीचा अर्ज लिहायची वेळ आली की हात आपोआप तिकडेच वळतो आणि आपण काम मागायच्या ऐवजी परवानगी मागायला लागतो. बेग म्हणजे भीक मागणं, तो शब्द आधी काढ. तू त्यांना काम करून देणार आहेस आणि ते तुला त्याचे पैसे देणार आहेत, इतका सरळ व्यवहार आहे हा.

त्यानंतर तू लिहिलंयस हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल, क्विक लर्नर. चारही गोष्टी तुझ्यात असतील, माझा विश्वास आहे, पण हे चार शब्द प्रत्येकाच्या पत्रात असतात आणि वाचणाऱ्याचे डोळे त्यावर थांबतच नाहीत, पुढे घसरतात. आणि शेवटचा परिच्छेद, घरची परिस्थिती बेताची आहे, वडिलांवर कर्ज आहे, कृपया संधी द्यावी. हे खरं असेल आणि त्यात लपवण्यासारखं काहीही नाही, पण पत्रात नको. वाचणारा चांगला माणूस असेल तर त्याला वाईट वाटेल पण तू त्याचं काम करू शकतेस की नाही ते त्यातून कळणार नाही, आणि माणूस बरा नसेल तर हिला गरज आहे म्हणजे कमी पैशात येईल असा हिशोब करेल. असं होताना मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून इतकं स्पष्ट सांगतेय.

आता मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं ते सांगते. ‘सुट्टीत तिथे बसते तेवढंच’ या वाक्याचं. मी तुला उलट मेल करून विचारलं की बसते म्हणजे नक्की काय करतेस, तर तू दीड पान लिहून पाठवलंस आणि त्यातली एक ओळ पण लेटरमध्ये नव्हती! दहावीच्या सुट्टीपासून उधारीची वही तुझ्याकडे आहे. मृगाच्या तोंडावर सोयाबीनच्या बियाण्याला आणि डीएपी खताला गर्दी असते तेव्हा बिलं तू करतेस, आणि एकाच बिलात बियाण्याला जीएसटी नाही, खताला 5 टक्के, कीटकनाशकाला 18 टक्के असे वेगवेगळे दर सांभाळतेस. खत विकताना शेतकऱ्याचा अंगठा पॉस मशीनवर घ्यावा लागतो, मग रात्री दुकान बंद करताना मशीनमध्ये दाखवतोय तो स्टॉक आणि गोडाऊनमधल्या बॅगा तू मोजून जुळवतेस. गेल्या वर्षी 6 बॅगांचा फरक लागला तेव्हा तू त्या दिवसाची सगळी बिलं परत काढून बसलीस आणि शोधून काढलंस की दोघांनी अंगठा देऊन पैसे भरले होते पण माल टेम्पो नाही म्हणून न्यायचा ठेवला होता आणि बाबांनी त्या बॅगा दुसऱ्याला दिल्या होत्या. अकरावीत असताना तू ती वही एक्सेलमध्ये घेतलीस, गावाप्रमाणे, म्हणजे वसुलीला जाताना एका गावची सगळी नावं एकत्र निघतात.

बाळा, सीएच्या ऑफिसमध्ये ज्युनिअर मुलं दिवसभर हेच तर करतात. क्लायंटची खरेदीची बिलं घ्यायची, दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर 2बी, म्हणजे खरेदीच्या बिलांची यादी येते त्याच्याशी एकेक बिल जुळवायचं, जुळलं नाही की का नाही जुळलं ते शोधायचं. तू हे खताच्या बॅगांवर शिकलीस इतकाच फरक. अनुभव म्हणजे पगाराची स्लिप असलेलं काम असं तुझ्या डोक्यात बसलंय, आणि तुझ्याच नाही, गावाकडून आलेल्या जवळपास प्रत्येक मुलामुलीच्या डोक्यात ते असतं, घरचं काम ते काय सांगायचं म्हणून. शहरातली मुलं कॉलेज फेस्टमध्ये दोन दिवस स्टॉल सांभाळला तरी लिहितात, आणि बरोबर करतात ती. तू चार वर्षं हिशोब सांभाळून गप्प बसलीस.

मी खाली मराठीत लिहून देते, तू तुझ्या साध्या इंग्रजीत लिही, छोटी छोटी वाक्यं कर. इंग्रजी भारी नसलं तरी चालतं, आकडे आणि कामं कळली पाहिजेत. आणि यातलं जे खरं नसेल ते काढ.

‘नमस्कार मॅडम, तुमच्या ऑफिसला दुपारच्या वेळेत टॅली आणि एक्सेलचं काम करणारा विद्यार्थी हवा आहे असं जाहिरातीत वाचलं, त्या कामासाठी अर्ज करत आहे. औशाला आमचं कृषी सेवा केंद्र आहे आणि दहावीनंतर दर सुट्टीत आणि खरीप हंगामात तिथली बिलं आणि उधारीचा हिशोब मी पाहते. बियाणं, खत, कीटकनाशक यांना जीएसटीचे वेगवेगळे दर लागतात, अशी बिलं करायची मला सवय आहे. रोज रात्री पॉस मशीनचा स्टॉक आणि गोडाऊनचा स्टॉक जुळवते. गेल्या वर्षी 6 बॅगांचा फरक आला होता, त्या दिवसाची सगळी बिलं तपासून तो कुठे झाला ते मी शोधलं. उधारीची वही मी एक्सेलमध्ये घेतली आहे. टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स केला आहे, ऑफिसमध्ये अजून वापरलेलं नाही. कॉलेज सकाळचं असल्याने सोमवार ते शनिवार दुपारी 1 ते 6 येऊ शकते. सेमिस्टरच्या परीक्षेच्या दिवसांत सुट्टी लागेल, तारखा आल्या की लगेच कळवेन. बायोडेटा जोडला आहे. तुम्ही म्हणाल त्या दुपारी भेटायला येईन.’

बस, इतकंच. टॅली ऑफिसमध्ये वापरलेलं नाही हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण ते खरं आहे आणि पहिल्याच दिवशी कळणारच आहे, आधी सांगितलं की बाकीच्या गोष्टींवर पण विश्वास बसतो. परीक्षेचं पण तसंच. विद्यार्थी ठेवणाऱ्याला सगळ्यात मोठी धास्ती असते ती ऐन कामाच्या वेळी हा गायब होईल याची.

बारीकसारीक : सर की मॅडम ते फोन करून विचार, सर/मॅडम अशी तिरकी रेघ मारू नको. हे पत्र मेलमध्येच पेस्ट कर, वेगळी फाइल उघडायला लावू नको, बायोडेटा तेवढा पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव, ‘न्यू फायनल 2’ असलं नाव नको. सब्जेक्ट लाइनमध्ये कामाचं नाव आणि तुझी वेळ. आधार, पॅन, जन्मतारीख, वडिलांचं उत्पन्न, जात, यातलं काहीही पत्रात लिहायचं नाही. आणि मेल कधी पाठवतेस ते बघ, 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस त्या ऑफिसात कोणाला मान वर करायला वेळ नसतो. 22-23 तारखेला सकाळी पाठव.

प्रश्न : मॅम, आमच्या ग्रुपमध्ये सगळे चॅटजीपीटीकडूनच कव्हर लेटर लिहून घेतात. समोरच्याला ते कळतं का? आणि कळलं तर रिजेक्ट करतात का? – टी.वाय. बी.एस्सी., कोल्हापूर

उत्तर : एक लेटर सुटं वाचलं तर कदाचित नाही कळणार, पण एकाच कॉलेजमधून दहा लेटर येतात आणि दहाच्या दहा ‘आय ॲम रायटिंग टू एक्सप्रेस माय कीन इंटरेस्ट’ने सुरू होतात तेव्हा कोणालाही कळतं. रिजेक्ट मशीन वापरलं म्हणून होत नाही रे, त्यात तू कुठेच सापडत नाहीस म्हणून होतं. त्याला माहितीच नाही की तू सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला पंचगंगेच्या पाण्याचे सॅम्पल आणले होतेस की नाही, मग ते बिचारं ‘पॅशनेट अबाउट सायन्स’ लिहितं.

मी वापरू नको असं म्हणणार नाही. आधी तू मराठीत लिही, अगदी मित्राला व्हॉइस नोट पाठवतोस तसं, की मी हे हे केलं, असं असं केलं, मला तुमच्याकडे हे काम करायचंय. मग चॅटजीपीटीला म्हण की याचं साधं इंग्रजी कर, एक पण नवीन गोष्ट घालू नको. आलेलं मोठ्याने वाच. जो शब्द तुला इंटरव्ह्यूमध्ये तोंडाने म्हणता येणार नाही तो काढून टाक, कारण समोरचे लेटर हातात घेऊनच प्रश्न विचारतात आणि स्वतःच्याच लेटरमधल्या शब्दाचा अर्थ विचारल्यावर गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं बघायला.

प्रश्न : एम.कॉम. पार्ट वनला आहे. एनईपीमुळे, म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणामुळे, आम्हाला 4 क्रेडिटची ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आहे, 120 तास, आणि कॉलेज म्हणतंय जागा तुमची तुम्ही शोधा. लोक विचारतात तुला ठेवून आमचा काय फायदा. पत्रात काय लिहू? – सांगली

उत्तर : लोकांचा प्रश्न रास्त आहे, त्याचंच उत्तर लिही. बऱ्याच छोट्या ऑफिसांना ओजेटी म्हणजे काय हेच माहिती नसतं, त्यांना वाटतं सरकारी लफडं असेल, कागदपत्रं द्यावी लागतील, पगार द्यावा लागेल. म्हणून पहिल्या दोन ओळीतच सांग की ऑन जॉब ट्रेनिंग हा आमच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, एकूण 120 तास, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, रोज इतके तास, आणि शेवटी तुमच्याकडून हजेरी आणि एक सर्टिफिकेट लागेल. कॉलेजचं विनंतीपत्र सोबत जोड, ते कॉलेजकडून मागून घे.

आणि मग एक काम नेमकं धरून लिही जे 120 तासात होऊन जाईल. ‘मला शिकायला मिळेल’ हे लिहू नको, ते त्यांना दिसतंच आहे. सांगलीत हळदीच्या अडत्याकडे जाणार असशील तर त्यांची मागच्या सीझनची सौदापट्टी, म्हणजे सौद्यांच्या नोंदी, एक्सेलमध्ये घेऊन देते म्हण, पतसंस्थेत जाणार असशील तर केवायसीच्या अपुऱ्या फाइली पूर्ण करून देते म्हण. पत्र लिहिण्याआधी एकदा तिथे जाऊन तासभर बघ, त्यांचं कुठलं काम तुंबलंय ते लगेच दिसतं, कोपऱ्यात गठ्ठे बांधून ठेवलेले असतात.

प्रश्न : मी नाशिकचा आहे, मेकॅनिकल केलंय आणि आता जर्मनीत मास्टर्सचं दुसरं सेमिस्टर चालू आहे. वेर्कस्टुडंट जॉबसाठी, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायच्या पार्टटाइम कामासाठी, 30-35 अर्ज केले. भारतातला अनुभव म्हणजे सातपूर एमआयडीसीत काकांचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे डिप्लोमापासून लेथवर आणि नंतर सीएनसीवर काम केलंय, पण ते घरचंच म्हणून बायोडेटात टाकलं नाही. इथल्या कव्हर लेटरला काही वेगळे नियम आहेत का?

उत्तर : बघ, औशाच्या मुलीचं आणि तुझं दुखणं एकच निघालं! अरे जर्मनीत तर मेकॅनिकलच्या कितीतरी कोर्सना प्रवेशाच्या वेळीच वर्कशॉपमधली प्रॅक्टिकल मागतात, हाताने काम केलेल्या माणसाला तिथे किंमत आहे, आणि तू नेमकं तेच गाळलंस. काकांचं आहे म्हणून काय झालं, मशीन तर खरं होतं ना. कुठलं कंट्रोलर होतं, काय पार्ट काढायचात, किती मायक्रॉनची टॉलरन्स धरायचात, रिजेक्शन यायचं तेव्हा काय शोधलंस, हे लिही. काकांकडून लेटरहेडवर कामाचं सर्टिफिकेट मागव, तारखांसकट. जर्मनीत काम सोडताना असं सर्टिफिकेट मागणं हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्कच आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना ते बघायची सवय असते.

नियमांचं म्हणशील तर, त्या पत्राला तिकडे आनश्राइबन म्हणतात आणि ते एका पानाच्या वर जात नाही. जाहिरात जर्मनमध्ये असेल तर पत्र जर्मनमध्ये, इंग्रजीत असेल तर इंग्रजी. तुझं जर्मन बी1 लेव्हलचं असेल तर बी1च लिही, फोन आला की पहिल्या मिनिटाला कळतंच. जाहिरातीत संपर्काच्या माणसाचं नाव बहुतेक वेळा दिलेलं असतं, त्याच नावाने सुरुवात कर, आडनावाने, आपल्यासारखं सर नाही म्हणायचं. कधीपासून जॉइन होऊ शकतोस आणि आठवड्याला किती तास, या दोन गोष्टी पत्रात नसतील तर ते पुढे वाचत नाहीत असं समज. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास धरून चालायचं, आणि युरोपियन युनियनच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस अशी मर्यादा आहे. म्हणून सरळ लिही की सेमिस्टरमध्ये आठवड्याला 18 ते 20 तास, सुट्टीत जास्त. कॉलेजचं इमाट्रिकुलेशनचं, म्हणजे तू तिथे विद्यार्थी आहेस याचं, सर्टिफिकेट जोड, ते नसेल तर वेर्कस्टुडंट म्हणून घेताच येत नाही.

आणि 30-35 अर्ज एकाच पत्रावर केलेस का रे? तसं असेल तर थांब थोडा. पाच कंपन्या निवड, प्रत्येकाच्या जाहिरातीतलं एक काम घे आणि तुझ्या सातपूरच्या कामातलं किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं एक काम त्याच्यासमोर ठेव. पाचाला पाच संध्याकाळी लागतील, लागू देत. युनिव्हर्सिटीतल्या हिवी जॉबसाठी, म्हणजे प्रोफेसरांच्या हाताखाली विद्यार्थी असिस्टंट म्हणून, पण विचार, तिथे प्रोफेसरांना थेट मेल करता येतो, त्यांचा विषय तू घेतला असशील आणि मार्क चांगले असतील तर चार ओळी पुरतात.

प्रश्न : दोन विषयात एटीकेटी आहे. लेटरमध्ये लिहायचं का?

उत्तर : लेटरमध्ये नाही. फॉर्ममध्ये किंवा तोंडी विचारलं तर खरं सांगायचं, कोणते विषय आणि परीक्षा कधी आहे ते. विचारलं नसताना आपणहून माफी मागत बसायचं नाही.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याला शिकतो, ‘कमवा आणि शिका’मध्ये दोन वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काम करतोय. मित्र म्हणतात ते लिहू नको, त्यावरून कळतं की आपण गरीब आहोत. लिहू का?

उत्तर : सगळ्यात वर लिही! ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांना स्वतःच्या कष्टावर शिकायला लावलं, त्या जिल्ह्यात बसून हा प्रश्न पडावा याने मला खरंच गलबलून आलं. तुझ्या मित्रांना सांग, वाचणाऱ्याला त्यावरून कळतं ते हे की हा मुलगा लेक्चर सांभाळून दोन वर्षं वेळेवर कामावर येतोय आणि कॉलेजने त्याला परत ठेवून घेतलंय. आता नेमकं लिही काय करतोस ते. पुस्तकं देतोस-घेतोस, परत आलेली नंबरप्रमाणे रॅकला लावतोस, वर्षाच्या शेवटी स्टॉक टेकिंगला मोजणी केलीस का, केली असशील तर किती रॅक, हरवलेली पुस्तकं कशी शोधलीत. आणि ग्रंथपालांना जाऊन विचार की तुमचं नाव संदर्भासाठी देऊ का, न विचारता देऊ नको.

प्रश्न : पत्र पाठवल्यावर किती दिवसांनी फोन करायचा? की फोन केला तर राग येतो? – ठाणे

उत्तर : आठ दिवस थांब, मग एकदा मेल कर, त्याच जुन्या मेलला रिप्लाय करून म्हणजे तुझं पत्र त्यांना खालीच दिसेल, दोन ओळी, अमुक तारखेला अर्ज केला होता, अजून जागा असेल तर भेटायला येऊ शकते. छोटं दुकान किंवा क्लिनिक असेल तर मेलची वाट न बघता दुपारी निवांत वेळी प्रत्यक्ष जा, बायोडेटाची प्रिंट घेऊन. राग कोणी धरत नाही, बऱ्याचदा मेल खरंच राहून गेलेला असतो. त्यानंतर पण काही आलं नाही तर ती जागा सोडून दे आणि पुढच्या पत्राला लाग. आणि कोणीही रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी भरा म्हणालं तर तिथेच फोन ठेव, मग कंपनीचं नाव कितीही मोठं सांगू देत.